स्वीडनच्या रानातला दीड तास

पस्तीस वर्षं भूगोल शिकवला असं सांगितलं की लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघतात. त्यातली बावीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या असं सांगितलं की हात जोडतात.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे स्कँडिनेव्हियाचं प्रवासवर्णन मागितलं होतं. ते मला जमणार नाही, हे मी तेव्हाच कळवलं. प्रवासवर्णन लिहायचं तर आजूबाजूला बघावं लागतं, आणि सहल नेणारी बाई आजूबाजूला बघत नाही, ती मुलांची डोकी बघते. आग्र्याचा ताजमहाल मी अकरा वेळा पाहिला आहे आणि तो नेमका कसा दिसतो ते मला आजही सांगता येणार नाही. पण अकराही वेळा तिथे कोणाला उलटी झाली, ते नावानिशी सांगेन.

सहलीचं शास्त्र तसं सोपं आहे. जितकी मुलं नेली तितकी परत आणायची. ज्ञान, निसर्ग, संस्कृती वगैरे पालकसभेत सांगायचं, खरं काम मोजण्याचं. त्यासाठी आमच्या ग्वाल्हेरच्या शाळेत एक पद्धत होती. ती आमच्या खेळाच्या शिक्षकांनी, तोमर सरांनी बसवली होती. निघायच्या दिवशी प्रत्येक मुलाला एक नंबर मिळायचा. बसमध्ये चढलं, उतरलं, जेवलं, कोणी बाथरूमला जाऊन आलं, की तोमर सर गरजायचे, "गिनती!" मग मुलांनी ओळीने आपापला नंबर ओरडायचा, एक, दो, तीन, थेट शेवटपर्यंत. मध्ये जिथे आवाज येणार नाही, तो मुलगा हरवला. नावं घेत बसण्यापेक्षा हे झटपट होतं, आणि अर्धवट झोपेतही मुलं बरोबर ओरडतात. माझ्या गळ्यात शिट्टी असायची. लांब शिट्टी वाजली की हातातलं टाकून, जिथे असाल तिथून पळत यायचं. या दोन गोष्टींच्या जोरावर आम्ही ओरछा, खजुराहो, पचमढी, जयपूर सगळं निभावलं. एकही मूल हरवलं नाही. पचमढीला एकदा एक वाढलं मात्र होतं. दुसऱ्या शाळेचं होतं, पुऱ्यांचा वास आला म्हणून आमच्या बसमध्ये चढलं.

चार वर्षांपूर्वी आमच्या प्राचार्यांना कुठल्याशा परिषदेत करिन नावाच्या एक स्वीडिश शिक्षिका भेटल्या. दोघांचं चहावर जमलं, पत्रं झाली, आणि ठरलं की आमची मुलं उन्हाळ्यात त्यांच्या शाळेत चार दिवस राहतील. जाताना डेन्मार्क, येताना नॉर्वे. जूनचा पहिला आठवडा ठरला, कारण तेव्हा आमची सुट्टी चालू असते आणि त्यांची सुरू व्हायची असते. नववी-दहावीची चोवीस मुलं, मी आणि तोमर सर. मी तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरलेली बाई होते. यू आकाराची दरी तेहतीस वर्षं फळ्यावर काढली होती, खरी एकदाही पाहिली नव्हती. विचारायच्या आधीच मी हो म्हणाले होते.

त्या सहलीतली सगळ्यात अवघड गोष्ट व्हिसा नव्हती, जगदाळे साहेब होते. जगदाळे म्हणजे नववीतल्या मृणालचे वडील. त्यांच्या घराण्यात पूर्वी तलवार होती. हे स्वतः सिटी सेंटरला एका विमा कंपनीत बसतात. माणसाला काय काय होऊ शकतं याचेच कागद जन्मभर भरल्यामुळे असेल, एकुलत्या एका मुलीला त्यांनी कधी एकटं सोडलं नव्हतं. शाळा घरापासून चालत आठ मिनिटांवर, पण सकाळी सोडायला आणि दुपारी न्यायला हे हजर. जयेंद्रगंजात आम्ही एकाच गल्लीच्या दोन टोकांना राहतो, म्हणून मला ठाऊक होतं, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलासुद्धा मृणाल आईचा हात धरून जायची. मुलगी गुणी. नकाशा भरायला दिला की तिच्या नद्या कधी समुद्राच्या पुढे गेल्या नाहीत. फक्त वर्गात तोंड उघडायची नाही.

पालकसभा संपल्यावर जगदाळे मागे थांबले. म्हणाले, "मॅडम, हिची आई मागे लागलीय म्हणून सही करतो आहे. पण तुमच्या भरोशावर. एक मिनिट पण नजरेआड करायचं नाही. वचन द्या."

पालकांना वचन देणं हा आमच्या धंद्याचा भागच आहे. मी म्हटलं, दिलं. त्यांनी सहमतीपत्रावर सही केली, खाली आपल्या हाताने तेच वाक्य लिहिलं, आणि त्याखाली माझी सही घेतली. मृणालला नंबर मिळाला एकोणीस.

ग्वाल्हेर सोडलं तेव्हा लू अशी चालली होती की स्टेशनवरच्या नळाला हात लावला तरी चटका बसत होता. कोपनहेगनला उतरलो आणि तोमर सरांनी मुलांना स्वेटर घालायला लावले. तिथल्या चौकात उतरल्या उतरल्या आमची पहिली गिनती झाली. चोवीस मुलं खणखणीत आवाजात नंबर ओरडली, कबुतरं उडाली, सायकलवाले थांबले. दिवसभरात आम्ही त्याच चौकातून पाच वेळा गेलो. पाचव्यांदा एक म्हाताऱ्या बाई अदबीने जवळ आल्या आणि त्यांनी मला विचारलं, ही तुमची प्रार्थना आहे का? मी हो म्हटलं. फारसं खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी तोमर सरांची परीक्षा झाली. एका बेकरीच्या बाहेर, फुटपाथवर, एक बाबागाडी उभी होती. आत सहा महिन्यांचं गुटगुटीत बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं, गाढ झोपलेलं. आजूबाजूला त्याचं म्हणावं असं कोणीही नाही. तोमर सर सहा फुटी, मिशा पिळलेले, कुस्तीच्या आखाड्यात वाढलेले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मैम, कोई बच्चा भूल गया है।" झालं, त्यांनी गाडीशेजारी पहारा मांडला आणि मुलांचं कडं केलं. बाळ जागं झालं, रडायला लागलं, तसे सर गाडी हलवू लागले. एवढ्यात बेकरीतून एक तरुण बाई बाहेर आली. हातात अर्धा खाल्लेला पाव. तिने हसून सरांचे आभार मानले, दुपटं नीट केलं आणि परत आत गेली. तिची कॉफी राहिली होती. इथे बाळं अशीच बाहेर झोपवतात, मोकळ्या हवेत, हे आम्हाला नंतर कळलं. सरांना कळूनही वळलं नाही. "वो फिर अंदर चली गई, मैम," एवढंच ते म्हणत राहिले. ती बाहेर येऊन गाडी घेऊन जाईपर्यंत ते जागचे हलले नाहीत, आणि आमचं संग्रहालय त्या दिवशी हुकलं. मुलं खूश होती. मीही सरांना हसले नाही, कारण मीसुद्धा तिथेच उभी होते.

मग स्वीडन. करिनची शाळा एका तळ्याकाठच्या लहानशा गावात होती. इमारत लाकडी, मागे रान. करिन साठीच्या घरातल्या, उंच, पायात रबरी बूट. त्यांचे विद्यार्थी त्यांना नुसतं करिन म्हणायचे. ते ऐकून आमची मुलं पहिल्या दिवशी कानकोंडी झाली. दुसऱ्या दिवशी दोघातिघांनी "करिन मैम" असा मध्यममार्ग काढला. त्याही भूगोलाच्याच. त्यामुळे आमचं पटकन जमलं आणि थोडी चुरसही लागली. मी त्यांना चंबळच्या घळींवर असा धडा दिला की त्यांनी वहीत टिपणं घेतली. मनात म्हटलं, ग्वाल्हेर काही कमी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला रानाच्या तोंडाशी नेलं. प्रत्येक मुलाला एक नकाशा, एक होकायंत्र आणि एक कार्ड दिलं. रानात नऊ ठिकाणी नारिंगी-पांढरे झेंडे लपवले होते. नकाशावर त्यांच्या खुणा होत्या. ओळीने एकेक झेंडा शोधायचा, तिथल्या चिमट्याने कार्डाला भोक पाडायचं आणि तळ्याकाठच्या झोपडीशी बाहेर पडायचं. तिकडे हा मोठा आवडता खेळ आहे आणि लहान लहान पोरंही खेळतात. आणि हे सगळं प्रत्येकाने एकेकट्याने करायचं, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने.

करिन हे नीट समजावून सांगत होत्या तेव्हा मी गिनती करत होते. एक मुलगा बूट बदलायला गेला होता, म्हणून दुसऱ्यांदा केली. नकाशाबद्दल मला कोणी काय सांगणार, हाही भाग होताच. कानावर "एकेकट्याने" एवढं पडलं आणि मी ताडकन पुढे झाले.

मी म्हटलं, आमची मुलं चौघाचौघांच्या गटाने जातील आणि बरोबर शिक्षक असेल. करिननी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की रानाच्या एका अंगाला रस्ता आहे, दुसऱ्या अंगाला तळं, बाहेर न आलेलं मूल अजून पाहिलेलं नाही, आणि रानात सगळ्यात वाईट प्राणी म्हणजे गोचीड. तुम्ही बरोबर गेलात तर मुलं नकाशाकडे बघणार नाहीत, तुमच्याकडे बघतील, असंही त्या म्हणाल्या. ते मला लागलं, कारण खरं होतं. मी तेहतीस वर्षांत हजारो नकाशे तपासले, पण एकाही मुलाला हातात नकाशा देऊन जयेंद्रगंजातून बाड्याच्या बाजारापर्यंत जायला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे नकाशा परीक्षेत भरायचा असतो. रस्ता पानवाल्याला विचारायचा असतो.

तोमर सर करिनच्या बाजूने झाले. खेळाडू माणूस. मग मी तेवीस मुलांपुरती वाकले. मृणालला मात्र म्हटलं, तू माझ्याजवळ बस. ती नेहमीसारखी मान हलवून शेजारच्या ओंडक्यावर बसली. मुलं एकेक करून झाडांत शिरत होती. तिच्या हातात नकाशा होता आणि ती तो इकडून तिकडे फिरवून बघत होती. अठरा नंबर गेला. ती उभी राहिली.

"मैम, आता माझा नंबर आहे."

मी तिला सांगितलं की मी तुझ्या बाबांना वचन दिलं आहे. लिहून दिलं आहे.

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "वचन तुम्ही दिलंय. मुझसे तो किसी ने पूछा ही नहीं."

वर्गात दोन वर्षांत तिने इतकी शब्दसंख्या वापरली नव्हती. पण बावीस वर्षं सहली नेलेल्या बाईला उत्तर नाही सुचलं तरी युक्ती सुचते. मी म्हटलं, जा. ती गेली. आणि मी तोमर सरांना मी जरा पुढे होते असं सांगून, गुपचूप तिच्या मागे निघाले. जाईल एकटी आणि राहील नजरेत. वचनही शाबूत, मुलगीही खूश.

पहिली दहा मिनिटं फार छान गेली. तिच्या डोक्यावर लाल टोपी होती, ती लांबूनही दिसायची. ती थांबली की मी झाडामागे. छप्पन्न वर्षांची बाई सलवार-कमीज सावरत सूचिपर्णी झाडामागे लपते आहे, हे ग्वाल्हेरला कोणी पाहिलं असतं तर पेन्शन अडली असती. मृणाल थांबायची, नकाशा फिरवून होकायंत्राशी जुळवायची, समोरचं एखादं झाड हेरून सरळ त्याच्याकडे चालायची. पहिला झेंडा तिने मिळवला तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग एक मोठी शिळा आली, शेवाळाने मढलेली. तिला वळसा घालताना माझा पाय घसरला, चष्मा पडला, तो शोधून घालेपर्यंत लाल टोपी दिसेनाशी झाली.

मी घाबरले नाही. करिननी मलाही एक नकाशा दिला होता आणि मी भूगोलाची बाई होते. नकाशात बघितलं तर चहूकडे पांढरा रंग, मध्ये मध्ये हिरवे तुकडे. सर्वेक्षण खात्याच्या नकाशात हिरवं म्हणजे जंगल आणि पांढरं म्हणजे पडीक, ओसाड जमीन, हे मी झोपेत सांगेन. म्हणजे आपण या हिरव्या तुकड्यात आहोत आणि दोन पावलांवर मोकळं माळरान आहे, तिथे उभं राहिलं की लाल टोपी दिसेलच. मी माळरानाकडे निघाले. चालले, चालले. झाडं संपेनात. दिशा बदलली, तरी झाडं. चिखल लागला, डास लागले. माळरान कुठेच नव्हतं. शेवटी त्याच शेवाळी शिळेपाशी परत आले, की ती तिच्यासारखीच दुसरी होती, देव जाणे. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. मला माझी भीती नव्हती. जगदाळ्यांचा चेहरा दिसत होता. मुलगी या रानात कुठेतरी एकटी होती, मी तिला सोडलं होतं, आणि आता मला ती कुठे आहे हे तर सोडाच, मी कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

गळ्यात शिट्टी होती. तोंडाशी नेली आणि थांबले. वाजवली तर चोवीस मुलं हातातलं टाकून, नकाशे सोडून, आवाजाच्या दिशेने पळत सुटणार. तशीच शिकवण मी दिली होती. एका रानात विखुरलेली चोवीस मुलं नकाशाशिवाय पळताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी शिट्टी ओढणीत खोचली. शिळेवर बसले आणि रडू आलं, ते थोडं येऊ दिलं. ऐकायला कोणी नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. झुडपं सळसळली आणि लाल टोपी आली. मला शोधत नव्हती. आपल्या वाटेने चालली होती. मला बघून दचकली.

"मैम? तुम्ही इथे कशा?"

मी म्हटलं, माळरान शोधते आहे. नकाशात आहे, जमिनीवर नाही.

तिने माझ्या नकाशावर बोट ठेवलं. "हे पांढरं? मैम, हे तर जंगल आहे. करिन मैम बोलल्या ना. पांढरं म्हणजे पळता येईल असं जंगल. हिरवं म्हणजे घनदाट. मैदान पिवळं असतं." आणि मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने, "तुम्ही तेव्हा गिनती करत होता."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तिला म्हटलं, चल, आता दोघी मिळून बाहेर पडू. तिने हातातलं कार्ड बघितलं. पाच भोकं पडली होती.

"माझे चार बाकी आहेत," ती म्हणाली. "तुम्ही या ओढ्याच्या कडेने खाली जा. तळं लागेल. मग डावीकडे. झोपडी दिसेल. सापडेल ना तुम्हाला?"

सापडेल, म्हटलं. तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मी लहान मुलांकडे बघते तसं, नकाशा फिरवला आणि निघाली. लाल टोपी झाडांत गेली. या वेळी मी तिच्या मागे गेले नाही. जायचं मनात नव्हतं असं नाही. पाय दोन पावलं गेलेही होते. पण मागून जाणाऱ्या माणसाने काय उजेड पाडला ते नुकतंच पाहिलं होतं. मी ओढ्याची कड धरली. वचन मी खरं तर तिथे मोडलं, त्या ओढ्यापाशी, पुरतं शुद्धीत असताना.

झोपडीशी पोचले तेव्हा बरीच मुलं आली होती. कोणाचे गुडघे फुटले होते, कोणाला काट्यांनी ओरबाडलं होतं, आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. हळूहळू बाकीचीही आली. तोमर सरांनी गिनती घेतली. सत्रह. अठारह. मग शांतता. मग बिचकत, बीस. सरांनी पुन्हा घेतली. तिथे पुन्हा तसंच. अशी मोकळी जागा बावीस वर्षांत मी गिनतीत कधी ऐकली नव्हती. सर म्हणाले, मैम, मी आत जाऊन बघतो. मी नको म्हटलं, आणि आपण असं म्हणालो याचं मलाच नवल वाटलं. करिननी मला कॉफी दिली. दुसरी दिली. तिसरी मी मागून घेतली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त शेजारी बसून राहिल्या, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

मृणाल सगळ्यांच्या शेवटी आली. एक बूट चिखलात रुतून काळा, गालावर ओरखडा. सातवा झेंडा चुकला होता, सहाव्यापर्यंत मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागली. कार्डावर नऊ भोकं होती. तोमर सरांनी कोणी न सांगता "गिनती" म्हटलं आणि ती आपल्या जागी उभी राहून "उन्नीस" अशी ओरडली की तळ्यावरची बदकं उठली. माझा जीव भांड्यात पडला. घड्याळात बघितलं. ती निघाल्यापासून पावणेदोन तास झाले होते. मी मागे होते ती पहिली दहा मिनिटं आणि शिळेपाशी भेटली ती पाच वजा केली तर पुरा दीड तास ती माझ्या नजरेआड होती.

पुढे नॉर्वेत मी गिनती दिवसातून चारदाच केली आणि त्यामुळे मला नॉर्वे दिसला. फियॉर्डच्या बोटीत उभी राहून समोर ती यू आकाराची दरी बघितली, हिमनदीने कोरलेली, फळ्यावर काढायचे त्याहून कितीतरी सुंदर, आणि मुलांसमोर ढसाढसा रडले. मुलांनी माझे फोटो काढले. ते अजून कोणाकोणाच्या फोनमध्ये असतील.

ग्वाल्हेर स्टेशनवर पालकांची गर्दी होती. जगदाळे सगळ्यांच्या पुढे. मृणालचं सामान हातात घेता घेता त्यांनी विचारलं, "मॅडम, नजरेआड केलं नाही ना?" मृणालने माझ्याकडे पाहिलं. ती काही सांगणार नव्हती, हे मला दिसत होतं. मी हो-ला हो करून सुटू शकले असते.

मी म्हटलं, "केलं. दीड तास. जंगलात एकटी होती."

त्यांनी बॅग उचलली आणि गेले. महिनाभर गल्लीत समोरासमोर आलो तर त्यांनी रस्ता बदलला. मला वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. मुलीचं भलं झालं म्हणून मी शब्द मोडला नाही असं होत नाही. त्यांनी त्यांची सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या हाती दिली होती आणि त्यांना न विचारता मी ती हातातून सोडली. स्वीडनमधून एक फोन करायला हवा होता. ते नाही म्हणाले असते, म्हणून केला नाही, हे खरं कारण.

जुलैच्या शेवटी एका रविवारी सकाळी दारात जगदाळे उभे. मला वाटलं, राहिलेलं बोलायला आले. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. मी चहा ठेवला. मग म्हणाले की मृणाल बाड्यावर गेली आहे. ड्रॉइंगचं सामान आणायला. एकटी, पायी. कागदावर स्वतः नकाशा काढून घेऊन गेली, आणि फोन घरी ठेवला, कारण बाबा दर दोन मिनिटांनी करतील.

"मीच पाठवली," ते म्हणाले. "महिनाभर रोज विचारत होती. पण घरात बसवेना. तुमच्याशिवाय कोणाकडे जाणार? तुम्हाला माहीत आहे हे."

मी त्यांच्यापुढे बिस्किटं ठेवली. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. बाड्यापर्यंत पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस, दुकानात पंधरा, असा हिशोब त्यांनी मला दोनदा सांगितला. गाडीने एक चक्कर मारून येऊ का, असं विचारलं. मी नको म्हटलं.

"तुम्ही काय केलं तिथे, तो दीड तास?"

"कॉफी प्यायले. तीन कप. आणि तुमचा चेहरा आठवत बसले."

"काही फरक पडला?"

"काही नाही. ती यायची तेव्हाच आली."

त्यांनी मान हलवली आणि चहाचा पहिला घोट घेतला. तो गार झाला होता. मी दुसरा केला, तोही त्यांनी गार होऊ दिला. आम्ही दोघं बसून राहिलो. मी नुसती शेजारी बसले, करिन बसल्या होत्या तशी. हिशोबाच्या वर बारा मिनिटं झाली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि खरं सांगते, माझ्याही. मग त्यांचा फोन वाजला. बायको. त्यांनी ऐकलं, "आली?" एवढंच म्हणाले, फोन खिशात ठेवला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

मी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते चप्पल घालता घालता थांबले. "मॅडम, मी इथे येऊन बसलो होतो हे मृणालला कळता कामा नये. घरी सांगून आलोय की केस कापायला चाललोय. वचन द्या."

मी दिलं. म्हटलं, मग वाटेत कापूनही जा. ते हसले, त्या सहलीनंतर पहिल्यांदा.

चार वर्षं मी ते पाळलं. मृणाल आता बाहेरगावी शिकते, एकटी खोली करून राहते, आणि हा अंक तिची आई तिला दरवर्षी पाठवते. तेव्हा जगदाळे साहेब, माफ करा. तुम्हाला दिलेलं दुसरं वचनही मी मोडलं.